टोपी घालून खोकायचं नाही

हवालदार शिर्के खोकण्याआधी टोपी काढत. मिलच्या फाटकावर उभे असताना छातीत घरघर सुरू झाली की ते इकडेतिकडे बघत, खाकी टोपी काढून काखेत धरत, भिंतीकडे तोंड फिरवत आणि मग खोकत. खोकून झालं की टोपी पुन्हा डोक्यावर, आणि चेहरा असा की मघाशी खोकला तो दुसराच कोणी. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "टोपी डोक्यावर म्हणजे ड्यूटी. ड्यूटीवर माणूस बीमार नसतो, वसंता."

छत्रीबागेतल्या एका गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी त्याच मिलच्या टाइम ऑफिसात हजेरीचा कारकून. ते फौजेतून येऊन फाटकावर पहारेकरी झालेले. बर्फातल्या चौकीवर, बंद बंकरात रॉकेलच्या शेगडीचा धूर गिळून छाती गेली, म्हणून फौजेने मुदतीआधीच घरी पाठवलं होतं. गल्लीतली जुनी माणसं आजही त्यांची आठवण निघाली की हसतात. "फौजी होता, पण नाटकी. पेन्शनीसाठी खोकायचा." हे खरं नाही. खरं काय ते मला माहीत आहे, आणि सांगणारा आता मीच उरलो आहे.

त्यांच्या पेन्शनीचे दोन हिस्से होते. एक नोकरीचा, लहानसा. दुसरा आजाराचा. हा दुसरा मिळायला दोन गोष्टी लागत. आजार फौजेतल्या नोकरीमुळे झाला किंवा वाढला हे मान्य व्हावं लागे, आणि शरीर किती निकामी झालं याची टक्केवारी वीसच्या खाली जाऊन चालत नसे. पहिली गोष्ट मान्य झालेली होती. दुसरीचा भरवसा नव्हता. काही वर्षांनी डॉक्टरांचं बोर्ड पुन्हा बोलवायचं, छाती ऐकायचं, नळीत फुंकायला लावायचं आणि त्या दिवशी जे दिसेल त्यावरून टक्के ठरवायचं. आणि जुना ब्राँकायटिस तर एक दिवस माणसाला चालू देतो आणि दुसऱ्या दिवशी जिना चढू देत नाही. शिर्के म्हणायचे, "पाय गेला असता तर सोपं होतं. पाय रोज सारखाच गेलेला असतो. छाती रोज नवी खबर देते."

मिलमध्ये मात्र आम्हाला उलटंच शिकावं लागलं होतं. मिल बंद होणार ही कुजबुज सुरू झाली, तेव्हापासून दरसालच्या तपासणीची सगळ्यांना धास्ती बसली. डॉक्टरांसमोर जो खोकेल त्याचं नाव कपातीत आधी जाणार, असं सगळे धरून चालले होते. म्हणून तपासणीच्या दिवशी माझ्या टेबलावर लवंगा आणि खडीसाखर असायची. माणूस यायचा, जिभेखाली लवंग ठेवायचा, गरम चहाचा घोट घ्यायचा आणि आत जाऊन गप्प श्वास घेऊन यायचा. शिर्केही घ्यायचे. हसून म्हणायचे, "फौजेत परेडआधी बंदूक साफ करतात, तुमच्याकडे गळा."

लवंगांनी माणसं वाचली, मिल वाचली नाही. एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. शिर्केंची टोपी तेव्हापासून खुंटीला लागली. घर त्या पेन्शनीवर आलं, आणि तेवढ्यात बोर्डाचं बोलावणं आलं.

शिर्केवहिनींनी त्यांना आधीचे कितीतरी दिवस अडुळशाचा काढा दिला, वाफ दिली, अंथरुणातून उठू दिलं नाही. मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही सोबत जा. ह्यांना साहेब लोकांसमोर काही बोलता येत नाही." मी माझा शर्ट त्यांना इस्त्री करून दिला. खुंटीवरून टोपी काढली आणि म्हटलं, "घालाच, हवालदारसाहेब. छाप पडते." खिशात लवंगा घेतल्या. बसमध्ये मला सारखी एकच धाकधूक होती, की हे डॉक्टरांसमोर खोकतील. डॉक्टरांसमोर जाण्याची दुसरी रीत आम्हाला ठाऊकच नव्हती.

लष्करी दवाखान्याच्या बाकावर आमच्या माळव्यातलाच एक जुना फौजी नाईक बसला होता. दाढी वाढलेली, गळ्याला मफलर. शिर्केंकडे बघून म्हणाला, "भिया, आप तो दूल्हा बनके आए हो. यहाँ बारात थोड़ी है, बोर्ड है." शिर्के हसले. लवंग आधीच जिभेखाली होती. मी हसता हसता थांबलो. त्यांना सांगायला हवं होतं, लवंग थुंका, टोपी काढा. तेवढ्यात आतून नाव पुकारलं गेलं आणि ते उठलेही. दारात सॅल्यूट मारताना त्यांची टाच वाजली. मी बाकावरून अर्धा उठलो आणि पुन्हा बसलो.

दार उघडंच होतं.

"कैसे हो, हवालदार?"

"ठीक हूँ, साहब."

"साँस फूलती है?"

"चल जाता है, साहब."

मग नळीत फुंकल्याचा आवाज आला. इतका लांब श्वास मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

परतताना बसथांब्यावर त्यांनी टोपी काढली. मग जो खोकला आला त्यात ते गुडघ्यांवर वाकले. कंडक्टर दारात लटकून म्हणाला, "काका, पहले खाँस लो, गाड़ी खड़ी है." मी त्यांची पाठ चोळत होतो. टोपी माझ्या हातात होती.

टक्के वीसच्या खाली गेले. आजाराचा हिस्सा बंद झाला. अपील मीच लिहिलं, आणि पुन्हा तपासणीला मीच घेऊन गेलो, टोपीशिवाय. या वेळी ते मनापासून खोकले. डॉक्टर मागचा कागद बघून म्हणाले, "पिछली बार तो ठीक थे." शिर्के म्हणाले, "पिछली बार टोपी में था, साहब." डॉक्टरांना वाटलं थट्टा आहे. ते हसले. मी या वेळी आतच उभा होतो. लवंग, मिल, काढा, सगळं दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण मला वाटलं, यांना फसवणूक वाटली तर आहे तेही जाईल. निकाल बदलला नाही.

मिल नाही, म्हणून टोपी नाही. म्हणून ते आता गल्लीत उघड्यावर खोकू लागले. कृष्णपुऱ्याकडे भाजीला निघाले की चार ठिकाणी बसत. लोकांना दिसलं ते एवढंच, की पेन्शन कापली तसा खोकला वाढला. ओट्यावरची पोरं म्हणायची, "फौजीकाका, बोर्ड गया, अब किसको सुना रहे हो?" घरी येऊन मला म्हणायचे, "पोरांचंही बरोबर आहे. सुनवायचं होतं तिथे सुनवलं नाही." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी आयुष्यात नाटक केलं ते एकाच गोष्टीचं, बरे असल्याचं. आणि बोर्डाच्या दिवशी त्याची सगळी तयारी माझी होती.

शेवटच्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा, आणि थांबला की मी उठून बसायचो. एका दुपारी वहिनींनी हाक मारली. गल्लीच्या तोंडाशी नवीन दवाखाना टाकलेले तरुण डॉक्टर घरी येणार होते. शिर्के उशांना टेकून बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी खुंटीकडे बोट केलं.

"वसंता, टोपी दे. डॉक्टर येतायत."

मी टोपी काढली आणि पाठीमागे धरली. "आज नाही मिळणार."

"दे म्हणतो ना."

"नाही, हवालदारसाहेब. आज मोकळेपणी खोका."

त्यांनी पुढे केलेला हात खाली ठेवला. डॉक्टर आले, आणि शिर्के त्यांच्यासमोर पोटभर खोकले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. डॉक्टरांनी बराच वेळ छाती ऐकली, कानातली नळी काढली आणि थोडे रागावूनच विचारलं, "छाती इतकी खराब आहे, काका. आधी कुठे दाखवली नाहीत?"

मी बोलायला तोंड उघडलं. शिर्केंनी हात वर करून मला थांबवलं.

"दाखवली होती," ते म्हणाले. "सॅल्यूट मारून दाखवली."