मेजरांची मूठ

मेजरांना ‘थोडं’ हा शब्द खपत नसे. चहा थोडाच टाकते म्हटलं, की लगेच, “थोडं म्हंजी किती? आकडा सांगा, वहिनी!” आमच्या ह्यांच्या पलटणीतले ते. हे गेल्यावर तासगावात सख्ख्या दिरासारखे पाठीशी उभे राहिले.

बिटकॉइन मला त्यांनीच शिकवलं. मी बेदाणा निवडणाऱ्या बायकांची मुकादम; एवढी महाग वस्तू मला कुठली परवडायला! त्यांनी टेबलावरचा एक बेदाणा उचलला. “आख्खी पेटी कोन घ्या म्हनतंय? एका बिटकॉइनचं धा कोटी तुकडं पडत्यात. तुकड्याला सातोशी म्हनायचं. तुमी आपलं तुकडं घ्या.” पॉइंटपुढच्या शून्यांनी माझी भंबेरी उडायची. मग ते आठ घरं आखायचे, आठव्या घरात एक लिहायचे आणि म्हणायचे, “ह्यो बगा एक सातोशी.” इतकं न चिडता मला शाळेतही कुणी शिकवलं नव्हतं.

तरी मी आमच्या धंद्याची रीत सोडली नाही. सौद्यात व्यापारी पेटीतला मूठभर बेदाणा बघून सगळ्या मालाचा भाव ठरवतो. मीही म्हटलं, “मेजर, आदी मूठ दावा.” त्यांनी सांगितलेल्या ॲपमध्ये पाच हजार ठेवले. आठवड्याने त्यातले काही सातोशी मोडले म्हणून त्यांनी दोन हजार रोख माझ्या हातावर ठेवले. मूठ चोख होती. मग लेकीच्या नर्सिंगच्या फीचे दीड लाख मी डोळे झाकून भरले.

फोनवर सातोशी वाढत राहिले. फी भरायच्या वेळी एक निघेना. लेकीची जागा गेली. मेजर फलटणला मुलाकडे निघून गेले आणि फोन उचलेनासे झाले. शेवटी एसटी धरून मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

“माझंबी आडकलंय, वहिनी,” ते खाली बघत म्हणाले. “ॲपवाले म्हनले, नवी मानसं आना, मग तुमचं सोडतो.”

“आन् ते दोन हजार?”

“माझ्या पेन्शनीतलं हुतं.”

ॲपवाल्याचं मी तोंडही पाहिलेलं नाही, त्याच्यावर काय रागावू? पण या माणसाच्या ताटात दर दिवाळीला पहिली करंजी मी वाढली होती.

“म्हंजी पैसं निघत न्हाईत, ह्ये तुमाला ठाव हुतं?”

“थोडं ठाव हुतं.”

“थोडं म्हंजी किती, मेजर?”

त्यांनी आत तोंड वळवलं आणि सुनेला हाक मारली, “च्या टाक गं, थोडा.”