पोईवर झाकण

होनोलुलूला जायचं ठरलं ते ऑफिसच्या कृपेनं. नुंगंबाक्कमच्या आमच्या कंपनीला तिथल्या एका हॉटेलात बुकिंगचं सॉफ्टवेअर बसवून द्यायचं होतं आणि टीममध्ये बिनलग्नाचा मी एकटाच. मी लगेच इंटरनेटवरून हवाईयन शब्दांची यादी छापून घेतली आणि मैलापूरहून ऑफिसला जाताना बसमध्ये चाळीसेक शब्द पाठ केले. सहा वर्षं चेन्नईत राहून मला तमिळ मात्र रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतंच येतं, हे तेव्हा मनातही आलं नाही.

निघताना घरमालकीण अक्कांनी चिंचेच्या भाताचा डबा हातात ठेवला. "बाळ, हें वाटेंत खा. तेथें काय मिळेल कोणास ठाऊक," म्हणाल्या. अक्का तंजावरच्या मराठी. त्यांची भाषा जुन्या बखरीतली आणि सूर अस्सल तमिळ. त्यावर मी याच ब्लॉगवर 'अक्का उवाच' लिहिलं होतं, त्यांच्या फोटोसकट. तुम्ही पोट धरून हसलात आणि मी फुशारलो.

सिंगापूर, टोकियो, होनोलुलू. अंग आंबून जातं, पण पोचल्यावर समुद्राचा वारा लागतो आणि सगळं माफ. फिरायला सिटी बस उत्तम. दोन डॉलर तिकीट, चढतानाच ट्रान्सफरची, म्हणजे त्याच तिकिटावर पुढची बस धरायची, चिठ्ठी मागून घ्या. जेवायला प्लेट लंच, म्हणजे भाताच्या दोन मुदी, मॅकरोनीचं सॅलड आणि एक मांसाचा प्रकार. शाकाहारी मंडळींनी मांसाऐवजी टोफू मागावं, सात डॉलरमध्ये पोट भरतं. मी काउंटरवर 'ओनो', म्हणजे चविष्ट, असं म्हटलं की वाढणारी बाई खूश होऊन भाताची तिसरी मूद वाढायची. लहान मुलांच्या मेनूवर 'केइकी' दिसलं की मी सोबतच्या गोऱ्या कन्सल्टंटला अर्थ सांगायचो. त्यानं विचारलेलं नसायचं.

रविवारी हॉटेलच्या बुकिंग विभागातल्या लेइलानीबाईंनी घरी जेवायला बोलावलं. तिथे वयानं मोठ्या बाईला सगळेच आंटी म्हणतात, तशी मीही म्हणायला लागलो होतो. बसनं तास-सव्वा तास, समुद्राच्या कडेकडेनं. चपला आपल्यासारख्याच दाराबाहेर. आत त्यांची 'ओहाना', म्हणजे कुटुंबकबिला, वीस-बावीस माणसं. माझ्यासाठी आंटींनी डुकराचं मांस न घालता रताळ्याचं लाउलाउ केलं होतं. अळूच्या पानात गुंडाळून वाफवलेलं. पहिल्याच घासाला आईचं फदफदं आठवलं. मध्ये मोठ्या लाकडी भांड्यात पोई होती, अळूचा कंद उकडून कुटलेली, जांभळट, चिकट. ती बोटानं खायची.

मी शब्द फेकत होतो, सगळे कौतुक करत होते. कुणीतरी विचारलं, तुझी भाषा कशी असते? मला चेव चढला. मी अक्कांची नक्कल केली. मान हलवत, हेल काढत, आणि ही बाई तीनशे वर्षं जुनं मराठी तमिळ चालीवर कशी बोलते ते इंग्रजीतून समजावत. दोघं-तिघं हसले. आंटींनी शांतपणे पोईच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

मला वाटलं, जेवण संपलं. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी हळूच सांगितलं, पोई उघडी असताना भांडायचं नाही, कुणाची निंदा करायची नाही. त्यांच्या पुराणकथेत अळू हा माणसाचा थोरला भाऊ, त्याच्यासमोर ते शोभत नाही. आंटी चिडल्या नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या आईला शाळेत हेच शब्द बोलली म्हणून मार बसायचा. तू पाठ करून आलायस ना, तेच. तुझं झालं की झाकण काढते."

माझं झालंच होतं. कान इतके तापले की आभाराचा 'महालो' हा शब्दही तोंडातून फुटेना. एरवी तो मी दिवसातून पन्नासदा म्हणायचो. उरलेले चार दिवस मी इंग्रजीच बोललो आणि घरी पोचल्या पोचल्या अक्कांवरचा तो लेख उडवायचा असं ठरवून टाकलं.

मैलापूरला पोचलो. बॅगही खाली ठेवली नव्हती, तोच अक्कांनी कॅलेंडरमागून घडी घातलेले कागद काढले. तांबरमच्या भाचीला इंटरनेटवर त्यांचा फोटो दिसला होता आणि तिनं माझा लेख छापून आणून दिला होता. भाचीला मराठी कळतच नाही. अक्का बोलतात मराठी, पण वाचतात तमिळच. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावलेलं होतं.

"आमच्याविषयीं ह्यांत आलें म्हणे," त्या म्हणाल्या. "वाचून दाखव."

मी वाचायला लागलो. पहिल्या परिच्छेदातली टिंगल गाळली, दुसऱ्यातली गाळली, मग गाळायला काही उरलंच नाही. मी थांबलो. सांगून टाकलं, की अक्का, हे चांगलं नाहीये, मी तुमच्या बोलण्याची थट्टा केलीय, लोक हसलेत. लाज वाटत होती, खूप वाटत होती, आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

अक्का म्हणाल्या, "हांसले, म्हणजे त्यांस कळलें. आमच्या पोरांस हांसूंहि येत नाहीं रे."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतले, नीट घडी घातली आणि परत कॅलेंडरमागे ठेवले. लेख मी त्याच दिवशी ब्लॉगवरून काढला. ते कागद मात्र अजून तिथंच आहेत, आणि मागून घ्यायची माझी हिंमत होत नाही.