अ‍ॅमेझॉनचं पान

त्या वर्षांत क्लेटनला, परदेशातल्या आमच्या युनिव्हर्सिटीच्या उपनगरात, आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची नुसती रीघ लागली होती. आम्ही पाच जण एका घरात राहायचो. नापास होण्यात मात्र मी एकटाच पुढे. वनस्पतिशास्त्राच्या एका युनिटमध्ये, म्हणजे विषयात, एकदा आपटलो होतो. पुन्हा आपटलो तर व्हिसा धोक्यात, हे युनीने लेखी कळवलं होतं. आता सगळं एका तोंडी परीक्षेवर होतं. विषय: अमेरिका खंडातली रबर देणारी झाडं.

पाठांतर ही माझी एकमेव कला. मेक्सिकोकडचं कॅस्टिला, त्याच्या चिकात वेलीचा रस मिसळून चेंडू करणारे तिथले जुने लोक, मग अ‍ॅमेझॉनचं हेव्हिया, सगळं घडाघडा. फक्त हेव्हियाच्या कुळातलं एखादं ताजं पान न्यायचं होतं.

"कूळ कशाला शोधतोस? पोर्चमधल्या कुंडीत अख्खं रबराचं झाड उभंय की!" रूममेट म्हणाला.

खरंच की! पुण्यात आमच्या बाल्कनीतही तेच होतं. त्याची जाड, चकचकीत पानं आई ओल्या फडक्याने पुसायची. रबराचं झाड म्हणजे हेच, यात शंका कसली?

टेबलावर पान ठेवून मी ऐटीत म्हणालो, "हेव्हिया."

परीक्षक बाईंनी ते उलटंसुलटं पाहिलं. "हेव्हियाच्या एका देठाला पर्णिका किती?"

"तीन," पाठांतर बोललं.

"आणि इथे?"

एकच होती. कान तापले.

"हा तुमच्या वडाचा भाऊ. आसामकडचा. म्हणजे तुझ्याच देशातला, मेट."

मी हसून पाहिलं. त्या हसल्या नाहीत. "शुक्रवारी परत ये. पाठ केलेलं नको, पाहिलेलं सांग."

मधले तीन दिवस मी युनीच्या वनस्पतिसंग्रहात कागदावर चिकटवलेली सुकी पानं बघत बसलो. जेवण जात नव्हतं. शुक्रवारी बाईंनी दोन सुकी पानं पुढे सरकवली. मी हळूहळू, अडखळत, हेव्हिया कुठलं आणि कॅस्टिला कुठलं ते दाखवलं. का, तेही सांगितलं. एका जागी चुकलो.

"पास. जेमतेम," त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन घरी फोन लावला.

"आवाज असा का रे? नापास झालास ना?" आई.

"नाही गं, पास झालो."

"खोटं बोलू नकोस हं. परत ये, आम्ही काही बोलणार नाही."

तिला तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा सांगताना कुठे माझा स्वतःचा विश्वास बसला.