आप्पांचं ठळक नाव

आमच्या घरात शेताच्या बांधावरून कधी भांडण झालं नाही. झालं ते फॉन्टवरून, आणि तो फॉन्ट मी आणला होता.

मी पुण्यात वेबसाइट बनवतो. (आमच्या गावी, विट्यात ह्याचा अर्थ 'पोरगं कम्प्युटरवर काय तरी करतंय' एवढाच!) बहिणीचं, सोनीचं लग्न ठरलं तशी मी छाती फुगवून सांगितलं, "पत्रिका छापायची नाही! मी मोबाइलवर उघडणारी करतो." त्यासाठी एक वळणदार फॉन्ट मुद्दाम विकत घेतला. आमच्याकडं पत्रिकेत नवरानवरीची नावं कुणी वाचत नाही. आधी निमंत्रक बघतात. म्हणून थोरले चुलते आप्पा आणि धाकटे नाना एका ओळीत, पण आप्पांचं नाव थोरलेपणाच्या मानानं ठळक. माझ्या लॅपटॉपवर ते इतकं देखणं दिसत होतं, की मीच मला शाबासकी दिली.

सुट्टी काढून गावी आलो, पत्रिका पाठवली आणि कोइमतूरहून आप्पांचा फोन. तिथं त्यांचं गलाईचं, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायचं दुकान आहे, आवाज मात्र विट्याच्या चौकातला.

"पप्या, लय मोटा झालास रं! नानाचं नाव झ्याक, आनि माजं काडीवानी?"

"आवं आप्पा, तुमचंच ठळक केलंय!"

"मग मी आंधळा हाय व्हय?"

फोन आपटला. तेवढ्यात उसाला पाणी पाजून नाना चिखलाच्या पायांनी दारात.

"आप्पाचं नाव बघ, म्हशीवानी पसरलंय! माजं कोपऱ्यात दाबलंस? आमी काय वाटंवर पडलोय?"

मी दोघांना समजवायला गेलो. म्हणजे आगीत रॉकेल ओतलं! दोघांनी एकमेकांना फोन लावले. आप्पा म्हणे नाना मोठा दिसतोय, नाना म्हणे आप्पा मोठा दिसतोय. दोघंही खरं बोलत होते, आणि दोघंही एकमेकांना लबाड म्हणत होते. शेवटी आप्पा गरजले, "लग्नाला येत न्हाई जा!"

सोनी ओक्साबोक्शी रडायला लागली. "आप्पा न्हाईत तर मी हळद लावून घेनार न्हाई! दाद्या, काय करून ठेवलंस हे?" मला खरंच कसंतरी झालं. लहानपणी तिला खांद्यावर बसवून सिद्धनाथाच्या यात्रेला म्हसवडला नेणारे आप्पाच.

मी फाइल उघडली. घोळ कळला. फॉन्टची ठळक अक्षरं वेगळी विकत घ्यायची असतात, आणि मी घेतलीच नव्हती! मग प्रत्येक फोन आपल्या अकलेनं ठळकपणा करत होता. आप्पांच्या महागड्या फोनानं त्यांना वाळवलं, नानांच्या स्वस्तातल्या फोनानं आप्पांनाच फुगवलं. माझा लॅपटॉप तेवढा गुणी निघाला, आणि मी तेवढ्यावरच तपासणी उरकली होती.

हे मी तात्यांना, म्हणजे वडिलांना सांगितलं. तात्या फौजेतले निवृत्त हवालदार. त्यांनी बरंच ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे हत्यार न तपासता मोर्च्यावर गेलास!" मग सोनीलाच आप्पांना फोन लावायला लावला. तिचं रडणं ऐकून आप्पा मिळेल त्या गाडीनं निघाले. (रुसवा सोबत घेऊन!)

अंगणात तात्यांनी दोघा भावांना समोरासमोर उभं केलं. "फोन भाईर काडा! अदलाबदल करा!"

आप्पांनी नानांचा फोन बघितला. मिशा हलल्या. "आयला, हितं तर माजं नाव लय झ्याक हाय की!"

नाना आप्पांच्या फोनात बघून लाजले. "ह्यात मी बी बरा दिसतोय."

आणि दोघांनी फोन परत दिलेच नाहीत! आप्पांनी स्वतःचा महागडा फोन खुशाल नानांच्या खिशात घातला. मग एकाच ताटात जेवले.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण कारागिराची खाज! ठळक अक्षरं विकत आणली, सगळ्या फोनांवर पत्रिका तंतोतंत सारखी केली आणि अभिमानानं दाखवली.

"बिगडवलीस!" दोघं एकदम ओरडले.

"आवं, आता सगळीकडं बरोबर दिसतंय!"

"सगळीकडं दिसून काय करायचंय?" आप्पा म्हणाले. "माज्या खिशात मी मोटा, नानाच्या खिशात नाना! पैल्यावानी कर, न्हाईतर मी चाललो गाडीला!"

सोनीनं माझ्याकडं असं बघितलं, की मी मुकाट्यानं जुनी, बिघडलेली पत्रिका पुन्हा चढवली. उभ्या नोकरीत इतकं मन लावून मी काही मोडलं नव्हतं.

लग्न थाटात झालं. पहिली हळद आप्पांनी लावली, सोनी हसली, मी सुटलो. अक्षता पडल्यावर नवऱ्या मुलाचे चुलते मला शोधत आले. मागं आप्पा, नानांचा फोन उंच धरून.

"पावनं," चुलते हळूच म्हणाले, "आमच्या पत्रिकेत समद्यांची नावं सारकीच दिसत्यात. आमी चौघं भाऊ हाय. तुमच्यावानी वाकडीतिकडी करून मिळतील का?"

मी काही बोलणार, तोच आप्पांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "मिळतील की! आमच्या पप्यायेवढं बिगडवायला पुन्यात कुनाला येत न्हाई!"