बाईंची जोडीदारीण

सत्यशीलाबाई नोकरीवर रुजू झाल्या त्या १९७४च्या जूनमध्ये, टेंभुर्णीपासून तासभर पायी अंतरावरच्या एका वस्तीच्या शाळेत. वय एकवीस, डी.एड. नुकतंच झालेलं. सोबत पत्र्याची पेटी आणि भोकरदनहून निघताना आईने दिलेली चटणीची बरणी. राहायला खोली मिळाली ती बौद्धवाड्यात, केशरबाईंच्या घराला लागून; मधे फक्त तुराट्यांचा कूड. पहिलीचा वर्ग त्यांच्याकडे आला. पटावर तेवीस मुलं.

पहिल्या दिवशी हजेरी घेतली, तर कुणीच ओ देईना. "साहेबराव भिवा" असं त्यांनी तीनदा पुकारलं. साहेबराव समोरच बसून पाटी चाटत होता. घरी त्याला सगळे बापू म्हणायचे. साहेबराव म्हणजे आपणच, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. भुजंगला नाव ठाऊक होतं, पण पूर्ण नावाने हाक मारली म्हणजे आता मार बसणार, अशी त्याची समजूत होती. ग म भ नच्या आधी या पोरांना एकमेकांची नावं शिकवावी लागणार, हे बाईंनी दुपारपर्यंत ओळखलं.

मंगळवारी त्यांनी जोड्या लावल्या. जोडीदाराचं नाव, त्याला काय आवडतं, काय येतं ते विचारून घ्यायचं आणि शनिवारी उभं राहून स्वतःचं नाही, त्याचं सांगायचं. हेडमास्तर रामराव गुरुजींना हे काही पटलं नाही. आठवडा गप्पांत गेला तर शिकवणार कधी, असं त्यांनी विचारलं. बाईंनी शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

तेविसांच्या जोड्या लावल्या की एक उरतंच. उरली बेबीनंदा, केशरबाईंची धाकटी. शाळेत आल्यापासून तिने तोंड उघडलं नव्हतं.

"तू माझी जोडीदारीण," बाई म्हणाल्या.

त्या रोज तिच्याजवळ सतरंजीवर बसायच्या. काय आवडतं, कुणाशी खेळतेस, सगळं विचारून झालं. पोरगी बाईंच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची. गुरुवारी नळावर केशरबाई भेटल्या, त्यांना विचारलं. घरी हिचं तोंड बंदच होत नाही, असं त्या म्हणाल्या. हे ऐकून बाई जरा हिरमुसल्याच. म्हणजे पोरीला बोलता येत होतं. बाईंशीच बोलायचं नव्हतं.

शनिवारी सकाळी रामराव गुरुजी दारात येऊन उभे राहिले. भुजंगने सुरुवात केली. "ह्याचं नाव साहेबराव. ह्याला बैल हाकता येतो, पण बैल ह्याचं ऐकत न्हाई." पाठोपाठ एकाने जोडीदार अंथरूण ओलं करतो हेही सांगून टाकलं, आणि दोघांना सोडवण्यात थोडा वेळ गेला. तोवर बेबीनंदा आपणहून उभी राहिली होती.

"ही सत्यशीलाबाई," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "बाईला भाकरी येत न्हाई. परवा चुलीत पडली, मंग राख झटकून खाल्ली. कुत्र्याला लई भेती. पण हाड म्हणत न्हाई, जा बाळा म्हणती. सांजच्याला आईला पत्र लिहिती आन् रडती. लिहून झालं की गाणं म्हणती."

वर्ग खिदळायला लागला. दारात गुरुजी खाली मान घालून टोपी नीट करत होते. बाईंचे कान तापले. एवढं सगळं कुडाच्या फटीतून दिसत असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पण त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. आणि या परक्या ठिकाणी आपल्याकडे कुणीतरी इतकं लक्ष देऊन बघतंय, हे कळल्यावर त्यांना का कोण जाणे, बरंच वाटलं.

आता पाळी बाईंची होती. त्या उठून तिच्याशेजारी उभ्या राहिल्या.

"ही बेबीनंदा," त्या म्हणाल्या. "हिच्याबद्दल मला अजून काही माहीत नाही. आज संध्याकाळी हिच्या घरी जाऊन विचारणार आहे."

गुरुजी आपल्या वर्गाकडे गेले.

संध्याकाळी बाई खरंच गेल्या. केशरबाईंनी चहा टाकला. बेबीनंदाने त्यांना आधी गोठ्यात नेलं आणि तिन्ही शेळ्यांची नावं सांगितली. कोणती रुसते, कोणती चोरून खाते, कोणतीला बिलकुल हात लावायचा नाही, हेही सांगितलं. चहा निवला, केशरबाईंनी दोनदा हाका मारल्या, तरी शेवटच्या शेळीचं अजून सांगून झालं नव्हतं.