पाठमोरा

आमच्या पेठेतल्या तालमीची फुटबॉल टीम आहे आणि तिच्या प्रत्येक मॅचला आमच्या गल्लीतला लाँड्रीवाला माझ्या शेजारी असतो. शहरातल्याच राजारामपुरीतनं इथं राहायला येऊन मला जमाना झाला, तरी मी त्याचा ‘पावणं’च. एरवी मॅचभर त्याचा आवाज सगळ्या मैदानाला पुरतो. पण आपल्या पोरांना पेनल्टी मिळाली की गप्पकन पाठ फिरवतो, डोळे मिटतो. “बघवत न्हाय मला. गोल झाला की आरडाओरड्यावरनं कळतंयच की.”

यंदा टीम तळाला गेली. चांगली पोरं दुसऱ्या तालमींनी नेली. तेव्हा एक बिल्डर म्हणाला, टीम मी चालवतो, पण नाव माझ्या कंपनीचं आणि जर्सीचा रंगही माझाच.

तेव्हापासून लाँड्रीवाल्याच्या दुकानात दुसरा विषय नाही. “रंगच बदलला तर वरडायचं कुणाच्या नावानं, पावणं?” असं म्हणता म्हणता त्यानं माझा एक शर्ट जाळला.

रविवारी तालमीत बैठक झाली. “टीम द्यायची म्हणणाऱ्यांनी हात वर करा,” असं अध्यक्ष म्हणाले आणि हा उठून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. डोळे मिटलेले. एकेक हात वर गेला, शेवटी माझाही. ओरडलं कुणीच नाही. साधी टाळीसुद्धा नाही.

तो मान तिरकी करून आवाजाची वाट बघत होता.

“पावणं, लई वेळ लावाय लागल्यात की. झालं न्हाय व्हय अजून?”