निरनिराळ्या घरच्या काठ्या

कसबा बावड्याचे एक दूधडेअरीवाले रविवारी सकाळी माझ्याबरोबर गोल्फ खेळतात. त्यांच्या पिशवीतली एकही लोखंडी काठी दुसरीशी जुळत नाही. लांबच्या फटक्याला जाड पात्याची, जवळच्याला बारीक पात्याची; सगळ्या इतर मेंबरांनी टाकून दिलेल्या. निवडताना ते डोळे मिटून काठी हवेत फिरवतात आणि म्हणतात, "ही ऱ्हाईल की आपल्याकडं." खंडेनवमीला प्रत्येकीला हळदीकुंकू.

मी एकसारखा कोरा संच घेतला, तेव्हा भर क्लबात म्हणाले, "सायेब, जोडी बैलाची बघायची. म्हशीत कुठली आली जोडी? एक काळी, एक भुरी, एक शिंगमोडी. दूध देती न्हवं?" मला रागच आला होता.

परवा सामन्यात शेवटच्या होलला आम्ही बरोबरीत होतो. माझा चेंडू वाळूत रुतला, त्यांचा कडेच्या गवतात अडकला. त्यांनी एक गंजकी काठी उपसली, तिला थोपटलं आणि असा फटका मारला की चेंडू झेंड्याच्या बुडाशी जाऊन बसला.

"दिली बघा घागर भरून!" त्यांची आरोळी पार रस्त्यापर्यंत गेली असेल.

हात मिळवताना ती काठी मला ओळखीची वाटली. नवा संच आला तेव्हा मीच ती टाकून दिली होती.

"तुमचीच हाय की," ते खदाखदा हसले. "तुमच्या गोठ्यात भाकड होती."